चार्ट गायब आहे, ताई

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम कुलकर्णी काकू बघतात. त्यांनी मला जवाहर नगरात भाजीच्या गाड्यापाशी धरलं आणि म्हणाल्या, अगं दरवर्षी रिटायर झालेलेच लिहितात, बँकेत असं असायचं आणि विम्यात तसं असायचं, तू आत्ता नोकरी करतेस ना, मग तू लिही. मी म्हटलं काकू मला कुठं लिहिता येतंय, माझी बारावी झाली, पुढं कॉलेजात नाव होतं, मी नव्हते. त्या म्हणाल्या बोलतेस तसं लिही, शुद्धलेखन मी बघते. तर यात जे शुद्ध आहे ते काकूंचं आहे.

माझं काम म्हणजे लोकांचे चार्ट गायब होतात आणि मी ते शोधून देते. हे मी आईला बार्शीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, पोलिसात सांगितलं का. तेव्हापासून मी घरी नुसतं कॉम्प्युटरवर काम आहे असं सांगते.

पण तुम्हाला नीट सांगते. समजा तुम्ही मोबाइलवर बघताय की माझं पार्सल कुठवर आलं. तुमचा मोबाइल काय करतो, तर कुरियरच्या कॉम्प्युटरच्या खिडकीवर जातो आणि विचारतो, अमक्याचं पार्सल कुठंय. आतून उत्तर येतं, निघालंय. त्या खिडकीला एपीआय म्हणतात. मला हे पहिले कित्येक दिवस कळलं नव्हतं आणि विचारायची भीती वाटायची, कारण ट्रेनिंगमध्ये बाकी सगळे मान हलवत होते म्हणून मी पण हलवत होते. शेवटी शेजारी बसणाऱ्या सुनीताजींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "खिड़की समझ लो. और हम खिड़की के बगल में बैठे हैं, गिनती करने." म्हणजे खिडकीवर कोण आलं, किती वेळा आलं, कुठल्या गावातून आलं, उत्तर मिळालं का हात हलवत परत गेलं, हे आमची कंपनी मोजते आणि त्याचे रंगीत चार्ट काढून देते. मग ज्यांची खिडकी आहे ते साहेब लोक ते चार्ट मीटिंगमध्ये दाखवतात.

आणि फिल्टर म्हणजे चाळणी. फक्त पुण्याचे दाखव, फक्त कालचे दाखव, अशी चाळणी लावायची. चाळणीतून खाली काहीच पडलं नाही की चार्ट येत नाही. रिकामा चार्ट पण येत नाही, त्या जागी नुसतं पांढरं. मग माणूस घाबरतो आणि चॅटवर लिहितो, चार्ट गायब आहे. मग मी पण घाबरते, पण मी ते लिहीत नाही.

मला घेतलं ते मराठीसाठी. कंपनीची गिऱ्हाईकं महाराष्ट्रात बरीच आहेत, आणि इथल्या, झालान्याच्या ऑफिसात मराठी कोणालाच येत नव्हतं. आमचे हे विमा ऑफिसात, बदली होऊन जयपूरला आले, त्यांच्या ऑफिसातल्या एकांनी सांगितलं की मराठीत टाइप करणारी बाई पाहिजे. इंटरव्ह्यूत विक्रमजींनी, म्हणजे आमच्या टीमचे साहेब, विचारलं, "प्रेशर हैंडल कर लेती हैं?" मला वाटलं कुकरचं विचारतायत. मी हो म्हटलं.

गिऱ्हाईकं एकेक असतात. एक पार्सलवाले होते नगरचे, त्यांचा चार्ट रोज गायब. मी बघितलं तर त्यांनी चाळणी लावलेली, शहर नगर आणि शहर पुणे. मी लिहिलं, सर, दोन्ही एकदम लावलंय, म्हणजे एकच माणूस एकाच वेळी नगरला पण पाहिजे आणि पुण्याला पण पाहिजे, असा कोणी सापडत नाही. ते म्हणाले, "पण ताई, मला दोन्ही बघायचेत." मी लिहिलं, सर, मग 'आणि' काढून 'किंवा' करा. त्यांनी लिहिलं, "किंवा कशाला, मला दोन्ही पाहिजेत म्हटलं ना." यावर आमचं जेवणापर्यंत चाललं. शेवटी त्यांनी 'किंवा' केलं, दोन्ही आले, आणि त्यांनी लिहिलं, बघा, मी म्हणत होतो.

एक पाटील मॅडम होत्या, शाळांच्या फीचं ॲप चालवणाऱ्या कंपनीत नवीन लागलेल्या. त्यांना एकच शाळा दिसायची, बाकी सगळ्यांचे चार्ट गायब. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या, साहेब म्हणतात तुम्हालाच कसं दिसत नाही. बघितलं तर त्यांच्या जागी आधी जो माणूस होता त्यानं कधीतरी त्या एका शाळेची चाळणी लावून सेव्ह करून ठेवली होती. तो नोकरी सोडून गेला, चाळणी तिथंच राहिली. मी काढली. मॅडमनी लिहिलं, आता एवढ्या शाळा एकदम दिसायला लागल्या, मला भीती वाटतेय. मी म्हटलं हळूहळू होईल. मला तरी दुसरं काय माहीत होतं.

यात शिकायचं एवढंच आहे, आणि ते मला सुनीताजींनी शिकवलं. चार्ट नाही दिसला तर सगळ्या चाळण्या काढायच्या आणि मग एकेक परत लावायची. जी लावल्यावर चार्ट जातो ती चोर. हे कोणालाही येईल. अवघड काय आहे तर गिऱ्हाइकाला चाळण्या काढायला लावणं, कारण त्यांना वाटतं चाळणी काढली की डेटा सांडेल.

आता मला जे सांगायचंय ते सांगते, नाहीतर काकू म्हणतील पानं संपली.

आमच्या ऑफिसात मोबाइल आत नेता येत नाही. लोकांची माहिती असते स्क्रीनवर, कोणी फोटो काढेल म्हणून. दाराशी लॉकर आहेत, तिथं भंवरजी बसतात, गार्ड आहेत, मोठ्या मिशा, त्यांच्याकडं मोबाइल द्यायचा आणि किल्ली घ्यायची. आणि माझी ओवी तेव्हा दीड वर्षाची, मालवीय नगरला पाळणाघरात. तिला त्याआधी एकदा तापात झटका आला होता. डोळे वर गेले आणि हातपाय ताठ, मी एकटी घरी, हे टूरवर सीकरला. खालच्या घरमालकीण धावत आल्या म्हणून दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले लहान मुलांना होतं असं, मोठी झाली की जाईल, पण ताप वाढू देऊ नका. ताप वाढू देऊ नका म्हणजे ताप आलाय हे आधी कळायला पाहिजे ना. आणि मी तिकडं नगर आणि पुणे करत बसलेली, मोबाइल लॉकरात.

पाळणाघरवाल्या कमला आंटी चांगल्या आहेत, पण त्यांचं एकच वाक्य. मी निघताना रोज विचारायची, आंटी, काही झालं तर ऑफिसच्या गेटवर फोन कराल ना. त्या म्हणायच्या, "फोन नहीं आया मतलब बच्ची मज़े में है. इतना टेंशन मत लिया करो, दूध फट जाएगा." आता दूध कुठं फाटतं त्यानं, पण मी दिवसभर तेच म्हणत बसायची, फोन नाही आला मतलब मजेत आहे, फोन नाही आला मतलब मजेत आहे. आणि मग वाटायचं, फोन नाही आला मतलब आंटींचा फोनच बंद असेल तर. गेटचा नंबर हरवला असेल तर. आंटी आतल्या खोलीत असतील तर. मग मी बाथरूमचं नाव सांगून खाली जायची, लॉकर उघडायची, फोन लावायची, आंटी म्हणायच्या सो रही है, मी परत वर. विक्रमजींनी एकदा विचारलं, तबियत ठीक है ना आपकी. मी म्हटलं पोट बिघडलंय. माझं पोट तेव्हा कितीतरी आठवडे बिघडलेलं होतं.

मी ह्यांना सांगून टाकलं की मला नाही जमत, मी सोडते. मी तेव्हा ट्रायलवर होते आणि शुक्रवारी विक्रमजी ठरवणार होते, पक्कं करायचं का नाही. मी म्हटलं, त्यांनी हो म्हटलं तरी मी नाही म्हणणार. हे म्हणाले, "सोड की. पण मग परत दुपारी रडू नको, मला कोणी बोलायला नाही म्हणून." ते खरं होतं. त्या घरात दिवसभर मी आणि कूलरचा आवाज असायचो. ऑफिसात निदान कोणीतरी मला 'ताई' लिहायचं. पण ओवीपेक्षा 'ताई' मोठं नाही, म्हणून मी ठरवलं ते ठरवलं.

त्याच आठवड्यात देवरे सरांचं झालं.

देवरे सर नाशिकचे. त्यांची कंपनी लसी आणि इंजेक्शनं ठेवायच्या थंड पेट्या देते, औषधांच्या गोदामात असतात तसल्या. त्या पेट्या थोड्या थोड्या वेळानं त्यांच्या खिडकीवर येऊन सांगतात, मी गार आहे, मी गार आहे. गरम झाली किंवा दार उघडं राहिलं तर इशारा पाठवते. आम्ही ते मोजतो. सर रोज दुपारी चाळणी लावायचे, फक्त इशारे दाखव. म्हणजे कुठल्या गोदामात किती इशारे आले त्याचे चार्ट.

त्या दिवशी आमचं जेवण झालं होतं, डोळे मिटत होते, बाहेर असली उन्हं की खिडकीच्या काचेला हात लावता येईना, आणि चॅटवर आलं, "ताई, सटाण्याचा चार्ट गायब आहे."

मी चाळणी बघितली. मालेगावचे इशारे दिसत होते, सिन्नरचे दिसत होते, सटाण्याच्या जागी पांढरं. मी लिहिलं, सर, तुम्ही फक्त इशारे मागितलेत, सटाण्याहून इशारा नसेल तर चार्ट येत नाही.

ते म्हणाले, "म्हणजे एकपण इशारा नाही. म्हणजे सटाणा एक नंबर."

लगेच पुढचं आलं.

"ताई, मला आता मीटिंग आहे, सगळे गोदामवाले बसलेत. तेवढं तुमच्याकडून लिहून द्या, की चार्ट नाही याचा अर्थ गडबड नाही. म्हणजे मी दाखवतो सगळ्यांना, सटाणेकरांचा आदर्श घ्या म्हणून."

आता आमच्याकडं तयार उत्तरं असतात. बटण दाबलं की मजकूर जातो. आणि हे उत्तर तयारच होतं, मी कितीदा पाठवलं होतं. 'निवडलेल्या फिल्टरमध्ये कोणतीही नोंद नाही, कृपया काळजी करू नये.' मी बटणावर माऊस नेला आणि ते 'काळजी करू नये' वाचलं आणि मला कमला आंटींचा आवाजच ऐकू आला. फोन नहीं आया मतलब बच्ची मज़े में है. आणि मी बटणावरून माऊस काढला.

त्यात भंवरजींचं एक डोक्यात बसलेलं. आमच्या ऑफिसच्या मागं झालान्याचं जंगल आहे, तिथं बिबटे आहेत. मी लागले तेव्हा भंवरजींना विचारलं होतं, इकडं येतो का हो. ते म्हणाले, "आज तक तो दिखा नहीं." मी म्हटलं मग नसेल येत. ते म्हणाले, "दिखा नहीं मतलब आया नहीं, ऐसा थोड़े ही है जी. उसको दिखना थोड़े ही है." तेव्हापासून मी पार्किंगमधून पळत जाते.

मी सुनीताजींना म्हटलं, जरा बघा ना. त्या बोटं मोडत म्हणाल्या, "फ़िल्टर हटा के देखा?" मी इशाऱ्यांची चाळणी काढली. म्हणजे आता सगळंच दिसायला पाहिजे, मी गार आहे, मी गार आहे, ते पण. मालेगावचा चार्ट उंच झाला. सिन्नरचा झाला. सटाणा पांढराच.

सुनीताजी खुर्ची ओढून जवळ आल्या. म्हणाल्या, "ये तो सुबह से बोला ही नहीं."

म्हणजे बघा. इशारा नाही म्हणून पांढरं, आणि पेटीनं तोंडच उघडलं नाही म्हणून पांढरं. दोन्ही पांढरं एकसारखं दिसतं. आत लसी गार आहेत का उकडून गेल्यात, त्या चार्टवरून देवालाच माहीत.

मी देवरे सरांना लिहिलं, सर, थांबा. पण ते मीटिंगला गेलेले, नावापुढचा हिरवा ठिपका गेलेला. सुनीताजी म्हणाल्या, "लिख के छोड़ दो, पढ़ लेंगे." पण ते तर आत्ता तिथं आदर्श घ्या म्हणून सांगत असतील. फोन करायचा तर आमच्याकडं नियम आहे, गिऱ्हाइकाला फोन फक्त साहेबांच्या केबिनमधून. आणि विक्रमजी केबिनमध्ये मोठ्या साहेबांबरोबर बसलेले, दार बंद. मी त्या दारापाशी दोनदा जाऊन परत आले. सुनीताजी म्हणाल्या, "शेर नहीं है अंदर." मी म्हटलं तुम्हाला काय माहीत.

दार वाजवलं. विक्रमजी म्हणाले, क्या हुआ. मी म्हटलं, "सर, मुझे फोन करना है. पेटी सुबह से बोल नहीं रही." मोठे साहेब विक्रमजींकडं बघायला लागले. विक्रमजी म्हणाले, "कौन सी पेटी?" मी म्हटलं लसींची, आणि एका दमात सगळं सांगितलं, सटाणा, चाळणी, पांढरं, आदर्श. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण फोन माझ्याकडं सरकवला.

देवरे सर कुजबुजत बोलले. "ताई, मी मीटिंगमध्ये आहे."

"सर, सटाण्याची पेटी."

"हो हो, सांगितलं मी सगळ्यांना. टाळ्या झाल्या."

"सर, ती सकाळपासून काही बोललेलीच नाही."

"काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही सर, तेच सांगतेय. इशारा पण नाही आणि गार आहे असं पण नाही. बंद पडली असेल किंवा नसेल. तुम्ही कोणाला तरी हात लावून बघायला सांगा."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सटाणेकर इथंच बसलेत माझ्यासमोर. पेढे मागवलेत त्यांच्यासाठी." आणि फोन ठेवला.

मी केबिनमधून बाहेर आले ती सरळ खाली गेले. बाथरूमचं नाव पण नाही सांगितलं. भंवरजींनी माझं तोंड बघून, किल्ली न मागता, त्यांच्याजवळच्या जादा किल्लीनं लॉकर उघडला. आंटींना फोन लावला, वाजतोय वाजतोय, उचलेनात. परत लावला. उचलला आणि म्हणाल्या, "अभी सुलाया था. घंटी से उठ गई. अब सुनो." आणि ओवीचं रडणं ऐकवलं. मला इतकं बरं वाटलं तिचं रडणं ऐकून, मी तिथंच पायरीवर बसले. भंवरजींनी पाणी दिलं. म्हणाले, "घर पे सब ठीक?" मी म्हटलं, हो, रडतेय.

वर गेले तर देवरे सरांचा फोन येऊन गेलेला, विक्रमजींनी घेतलेला. त्यांनी मला सांगितलं. गोदामात कोणीतरी पंखा लावायला म्हणून सकाळी एक प्लग काढला होता. तो पेटीचा नव्हता, नेटच्या डब्याचा होता. पेटी गारेगार होती, नुसतं तिला बोलता येत नव्हतं. लसी सगळ्या चांगल्या.

म्हणजे काहीच झालं नव्हतं. मी मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये घुसले, देवरे सरांना घाम फोडला, सटाणेकरांच्या तोंडातला पेढा काढला, आणि काहीच झालं नव्हतं. विक्रमजी एवढंच म्हणाले, "ठीक है, सीट पे जाइए." मी सीटवर गेले आणि दिवसभर सगळ्यांना 'आपला दिवस शुभ असो' पाठवत राहिले, ते पण तयार उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी देवरे सरांची तक्रार आली. मराठीत होती म्हणून विक्रमजींनी मलाच बोलावलं, वाचून हिंदीत सांगायला. माझ्यावरची तक्रार मीच वाचायची. त्यात लिहिलं होतं, 'तुमचा चार्ट गायब होतो हे आम्हाला चालणार नाही. काही घडलं नसेल तर शून्य दाखवा. आणि काही कळलंच नसेल तर कळलं नाही असं लिहा. पांढरं ठेवू नका. पांढऱ्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या.' माझं नाव नव्हतं त्यात कुठं. खाली फक्त, 'ताईंना सांगा, पेढे नंतर दिले.'

विक्रमजींनी ते इंजिनियर लोकांकडं पाठवलं. तिथून उत्तर आलं की हे बिघाड नाही, असंच बनवलंय. विक्रमजी वैतागून म्हणाले, "बनाया होगा, पर क्यों बनाया होगा." मग त्यांचं त्यांचं बरंच लिहिणं चाललं.

शुक्रवारी मला बोलावलं. मी घरून तयारी करून गेले होते, हिंदीत पाठ केलं होतं, सर मैं ये नौकरी नहीं कर पाऊँगी. बसले. विक्रमजी म्हणाले, "आप नीचे बहुत जाती हैं." मी म्हटलं हो. म्हणाले, "पेट का तो नहीं लगता." मी म्हटलं नाही. आणि मग पाठ केलेलं राहिलं बाजूला, मी त्यांना ओवीचा झटका सांगितला, आंटींचं वाक्य सांगितलं, आणि म्हटलं, "सर, फोन नहीं आता तो मुझे सटाणा जैसा लगता है."

ते पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "तो आपको क्या चाहिए?"

मी म्हटलं, "शून्य, सर."

"मतलब?"

"मतलब कुछ नहीं हुआ, ये बताने वाला एक मेसेज. रोज लंच के टाइम. गेट पे."

ते म्हणाले, "कुछ नहीं हुआ, इसका मेसेज." मी म्हटलं हो. त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "भंवरजी के फोन पे मँगवा लो. और पेट ठीक रखो. सोमवार से आप पक्की हैं." मी उठले, दारापर्यंत आले, तेव्हा मला कळलं की नोकरी सोडते म्हणायचं राहून गेलं. परत फिरून सांगावं असं वाटलं नाही.

कमला आंटींना पटवायला त्याच्यापेक्षा जास्त त्रास झाला. त्या म्हणाल्या, "कुछ हो तो फोन करूँ, ये तो समझी. अब कुछ ना हो तो भी करूँ?" मी म्हटलं आंटी, फोन नका करू, नुसतं शून्य पाठवा, एकच आकडा. त्या म्हणाल्या, "बीस बच्चे हैं, सबकी माँ शून्य माँगने लगी तो मैं दिन भर ज़ीरो-ज़ीरो खेलूँगी क्या." पण पाठवायला लागल्या. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भंवरजी जिना चढून वर आले, गुडघा धरत, आणि सगळ्या टीमसमोर मोठ्यानं म्हणाले, "मैडमजी, शून्य आ गया." सगळे बघायला लागले. सुनीताजींनी विचारलं, नापास झालीस का.

ते शून्य आलं की मला भूक लागायला लागली. आधी डबा तसाच परत जायचा.

पावसाळ्यात एक दिवस भंवरजी जेवणाच्या आधीच वर आले. धापा टाकत होते. म्हणाले, "मैडमजी, आज शून्य नहीं है. फोन है." मी पळाले. आंटी म्हणाल्या अंग गरम लागतंय, औषध दिलं, पट्ट्या ठेवल्यात, या. विक्रमजींना मी काय सांगितलं आठवत नाही, काही सांगितलं का ते पण आठवत नाही. रिक्षात बसले, मालवीय नगरपर्यंत मी एकच करत होते, श्वास घेत होते. ओवी आंटींच्या मांडीवर होती, लाल झालेली, पण डोळे जागेवर. ताप वर जायच्या आत कळलं होतं. झटका आला नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले वेळेत आणलं. आंटी माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या होत्या, बाकीची मुलं बहिणीकडं ठेवून. बाहेर बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "आज सुबह ही मुझे लगा था, आज शून्य नहीं भेज पाऊँगी. ज़ीरो भेजने से पहले रोज़ हाथ लगा के देखती हूँ, आज लगाया तो गरम." म्हणजे शून्य पाठवायचं म्हणून त्या रोज जेवणाआधी तिच्या अंगाला हात लावून बघत होत्या. हे मी मागितलंच नव्हतं.

माझी भीती गेली का, तर नाही गेली. पार्किंगमधून मी अजून पळते. चॅटवर इंग्रजीत कोणी आलं की अजून सुनीताजींकडं बघते. आणि एक वाईट वाटतं, की मी त्या तयार उत्तराचं बटण आधी किती जणांना दाबलं असेल, काळजी करू नये म्हणून, आणि त्यातलं कोणाचं पांढरं कुठल्या प्रकारचं होतं ते आता कळायला मार्ग नाही.

आमच्या चार्टमध्ये आता शून्य दिसतं. इंजिनियर लोकांनी शेवटी केलं. इशारा नसेल तर तळाशी एक बारीक रेष येते, आणि पेटी बोलतच नसेल तर राखाडी पट्टा येतो, त्यावर लिहिलेलं असतं, माहिती आली नाही. गिऱ्हाइकांना आवडलं नाही. पहिल्या दिवशी नगरच्या पार्सलवाल्यांनी लिहिलं, "ताई, ही तळाला रेष कसली आलीय, काढून टाका, घाण दिसतंय." मी लिहिलं, सर, राहू दे, ती चांगली आहे.

तेवढ्यात भंवरजी काचेपलीकडं दिसले. आता ते वर येऊन ओरडत नाहीत, गुडघ्यामुळं अर्ध्या जिन्यापर्यंतच येतात, तिथूनच काचेतून अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवतात. मी मान हलवली आणि डबा उघडला.